जुन्या मोटारीला डिस्क ब्रेक : संच कसा निवडावा?

विद्यार्थिमित्रांनो, वेगाने धावणारी मोटार ब्रेक दाबताच थांबते. मग तिचा वेग गेला कोठे? "घर्षणामुळे नाहीसा झाला" असे उत्तर तुम्ही द्याल. पण ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही नववीतच शिकला आहात. गाडीची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेचे रूप घेते आणि ती उष्णता पुढे हवेत जाते. म्हणजे ब्रेक हे एक उष्णता निर्माण करणारे आणि ती बाहेर टाकणारे यंत्रच होय. एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, तर ब्रेकविषयीचे पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात.

असाच एक प्रश्न जुन्या मोटारी हौसेने जतन करणाऱ्यांपुढे नेहमी येतो. अमेरिकेत १९६४च्या एप्रिल महिन्यात फोर्ड कंपनीने मस्टँग नावाची मोटार बाजारात आणली. ती लाखोंनी खपली आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्या आजही तेथे चालू स्थितीत आहेत. या गाडीच्या चारही चाकांना सामान्यतः ड्रम ब्रेक असत. पुढे डिस्क ब्रेक हवे असतील, तर जास्तीचे पैसे मोजावे लागत. आपल्याकडची अँबॅसिडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्याही मूळच्या ड्रम ब्रेकच्याच. आज जुन्या मस्टँगसाठी ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याचे तयार संच विकत मिळतात. काही स्वस्त असतात, काही महाग. खिसा बेताचा असलेल्या माणसाने त्यांतला कोणता घ्यावा? कोठे पैसे वाचवावेत आणि कोठे मुळीच वाचवू नयेत? जाहिरातीपेक्षा तुमचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक या कामी अधिक उपयोगी पडते. कसे, ते पाहू.

प्रथम थोडा हिशेब

माणसांसह १,४०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मस्टँग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात आहे, असे समजा.

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × (वेग)²
= ½ × १,४०० × २५ × २५
= ४,३७,५०० ज्यूल

२५ अंश सेल्सियस तापमानाचे सुमारे १.४ लिटर पाणी उकळू लागेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. गॅसच्या शेगडीला त्यासाठी काही मिनिटे लागतात. ब्रेकला मात्र हे काम क्षणात करावे लागते. कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात वेग कमी होत गेला, तर गाडी सुमारे ३.६ सेकंदांत थांबते. ऊर्जेला वेळेने भागा. सरासरी शक्ती सुमारे १२२ किलोवॅट, म्हणजे १६० अश्वशक्तीहून अधिक येते! सहा सिलिंडरच्या १९६५ सालच्या मस्टँगच्या इंजिनाची जाहीर केलेली शक्ती १२० अश्वशक्ती होती. ब्रेक हा इंजिनापेक्षाही बलवान असावा लागतो, तो असा.

आता घाटाचा विचार करा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १,४०० किलोग्रॅमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा त्यात ६८ लाख ज्यूलपेक्षा जास्त कमी होते. ताशी ९० किलोमीटर वेगावरून पंधरा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. तिचा काही भाग हवेचा विरोध खातो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर मोठा भाग इंजिन खाते. पण चालक नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर जवळजवळ सारा बोजा ब्रेकवर पडतो. "ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा" असे जुने चालक सांगतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

ड्रमचे गुण आणि दोष

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारे एक ओतीव लोखंडाचे पसरट भांडे असते. त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात. ब्रेक दाबला, की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि त्यांवरचे लायनिंग ड्रमच्या आतील अंगावर घासते.

या रचनेत एक गंमत आहे. फळ्यावर खडू पुढे झुकवून पुढेच ढकलून पाहा. तो अडखळतो, कर्कश आवाज करतो, फळ्यात रुतल्यासारखा होतो. खडू मागे ओढला, तर सहज सरकतो. ड्रममधला पुढचा शू असाच असतो. फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि त्यामुळे तो ड्रमवर आणखी घट्ट बसतो. पायाने लावलेला जोर अशा रीतीने आपोआप वाढतो. म्हणून ड्रमच्या गाडीला पायाचा जोर कमी लागतो.

पण हाच गुण पुढे दोष ठरतो. लायनिंग तापल्यावर त्याचा घर्षणांक घसरतो. घर्षण कमी झाले, की शूला आत ओढणारा जोरही कमी होतो. दोन्हीकडून तोटा! घर्षणांक एक पंचमांशाने घटला, तर डिस्कचे बल एक पंचमांशानेच घटते; ड्रमचे त्याहून पुष्कळ जास्त घटते. चार चाकांतले एखादे लायनिंग ओले वा तेलकट झाले, तर गाडी एका बाजूला खेचली जाते, तीही याच कारणाने.

शिवाय ड्रम तापला की प्रसरण पावतो. २५ सेंटीमीटर व्यासाचा ओतीव लोखंडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ड्रम शूपासून दूर पळतो आणि पेडल अधिक खोल जाते. डिस्कची गोष्ट याच्या उलट आहे. अडीच सेंटीमीटर जाडीची डिस्क तेवढीच तापली, तर तिची जाडी सुमारे ०.०८ मिलिमीटरने वाढते आणि ती वाढते पॅडच्या दिशेने!

डिस्क उघडी असल्यामुळे तिला वारा लागतो. तिच्यावरचे पाणी फिरण्याने उडून जाते व उरलेले पॅड पुसून टाकतात. ड्रममध्ये शिरलेले पाणी मात्र आतच राहते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे एकस्व १९०२ सालीच घेतले होते. परंतु योग्य पॅड मिळेपर्यंत ही कल्पना मागे पडली. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, आणि मग साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५५च्या सित्रोएन डीएस या गाडीला पुढे डिस्क होत्या.

एक गैरसमज

"डिस्क बसवल्या, की गाडी निम्म्या अंतरात थांबेल" असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. गाडीला अखेर कोण थांबवते? रस्ता आणि टायर यांमधले घर्षण. थंड आणि सुस्थितीतला ड्रम ब्रेकही जोराने दाबला, तर चाक जागीच अडकवू शकतो. चाक अडकल्यावर त्याहून चांगला ब्रेक काय करणार? एकदाच आणि कोरड्या रस्त्यावर थांबायचे असेल, तर दोहोंत फारसा फरक दिसणार नाही. डिस्कचा खरा फायदा दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वेळी दिसतो. घाटात आणि पावसात दिसतो.

म्हणून पहिला सल्ला असा, की टायर जुने व कडक झालेले असतील, तर संचाआधी टायर घ्या. आणि ड्रमच नीट जुळवलेले नसतील, तर आधी ते दुरुस्त करून पाहा. शहरातच सावकाश फिरणाऱ्या गाडीला कदाचित तेवढेच पुरेल. सर्वांत स्वस्त संच म्हणजे घ्यावाच न लागणारा संच!

दोन चाकांना की चारही?

संच घ्यायचे ठरले, तर पुढच्या दोनच चाकांचा घ्यावा की चारही चाकांचा? गाडी थांबताना आपण पुढे झुकतो, तशीच गाडीही झुकते. मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन तो पुढच्या चाकांवर जातो. किती? गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरू. मस्टँगच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर सुमारे २.७४ मीटर आहे.

सरकणारा भार = १,४०० × ७ × ०.५ ÷ २.७४
= सुमारे १,७९० न्यूटन

म्हणजे सुमारे १८० किलोग्रॅम वजन पुढे सरकते. उभ्या गाडीत पुढे ७५० आणि मागे ६५० किलोग्रॅम भार असेल, तर थांबताना पुढे सुमारे ९३० आणि मागे ४७० होतो. थांबवण्याचे दोन तृतीयांश काम पुढची चाके करतात! म्हणून बेताच्या पैशांत पुढच्या चाकांनाच डिस्क बसवाव्यात आणि मागे चांगल्या स्थितीतले ड्रम ठेवावेत. कित्येक वर्षे मोटार कंपन्यांनीही हेच केले. मागच्या ड्रमवर हँडब्रेकही सोपेपणाने चालतो.

या दोन डिस्क पुरतील का? दोन तृतीयांश ऊर्जा दोघींत वाटली, तर प्रत्येकीला सुमारे १,४६,००० ज्यूल येतात. डिस्क ७ किलोग्रॅमची आणि ओतीव लोखंडाचा विशिष्ट उष्मा ४६० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरला, तर एका थांबण्यात ती सुमारे ४५ अंशांनी तापते. लागोपाठ अनेकदा थांबले, तर हे अंश साठत जातात. यावरून ध्यानात येईल, की डिस्कचे वस्तुमान ही फुकटची जडता नव्हे, ती उष्णतेची तिजोरी आहे. मध्ये पोकळ्या ठेवलेली जाड डिस्क तिजोरीही मोठी देते आणि वाराही खेळवते. भोके पाडलेल्या किंवा खाचा पाडलेल्या चकचकीत डिस्कसाठी जास्त पैसे देण्याची गरज रोजच्या वापराच्या गाडीला नाही. भोके पाडल्याने वस्तुमान उलट थोडे कमीच होते.

पायाचा जोर आणि पास्कलचा नियम

डिस्कमध्ये खडूसारखे रुतणे नाही. म्हणून तिला जास्त जोराने दाबावे लागते. हा जोर आणायचा कोठून?

समजा, पायाने पेडलवर ३०० न्यूटन बल लावले. पेडल ही एक तरफ आहे. ती बल ६ पट करते. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १,८०० न्यूटन बल आले. दट्ट्याचा व्यास अडीच सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटीमीटर. द्रवातील दाब झाला ३६० न्यूटन प्रति चौरस सेंटीमीटर. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा दाब जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत पोचतो. कॅलिपरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २३ चौरस सेंटीमीटर असेल, तर पॅडवर सुमारे ८,३०० न्यूटन बल पडते.

आता मास्टर सिलिंडर सव्वादोन सेंटीमीटर व्यासाचा घ्या. क्षेत्रफळ ४ चौरस सेंटीमीटर, दाब ४५० आणि पॅडवरचे बल १०,००० न्यूटनच्या वर! सिलिंडर लहान केला आणि बल वाढले. "मोठा तो चांगला" असे समजून मोठा मास्टर सिलिंडर बसवणाऱ्याला पेडल दगडासारखे लागते, ते यामुळेच. पण फुकट काहीच मिळत नाही. तेवढाच द्रव ढकलायला लहान दट्ट्याला सव्वापट अंतर जावे लागते. फारच लहान घेतला, तर पेडल तळाला टेकेल. म्हणून मास्टर सिलिंडर व कॅलिपर एकमेकांशी जुळणारे हवेत. संचाबरोबर दोन्ही येतात का, आणि विक्रेता दोन्हींचे व्यास सांगतो का, हे विचारावे. जो सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

जोर वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बूस्टर. इंजिनाच्या शोषणामुळे याच्या एका बाजूस हवेचा दाब कमी होतो आणि दुसऱ्या बाजूने वातावरण ढकलते. २० सेंटीमीटर व्यासाच्या पडद्यावर दाबातील फरक दर चौरस सेंटीमीटरला ६ न्यूटन असेल, तर सुमारे १,८८० न्यूटन बल मिळते. म्हणजे पायाच्या मेहनतीत तेवढीच भर पडली. माग्डेबुर्गच्या गोलार्धांचा प्रयोग येथे रोजच्या कामाला लागला आहे! हलक्या गाडीला योग्य सिलिंडर असेल, तर बूस्टरशिवायही चालते. तो पुढे कधीतरी बसवता येईल असा संच निवडला, तर आज पैसे वाचतात.

येथे काटकसर नको

पहिली गोष्ट दुहेरी मास्टर सिलिंडरची. १९६६पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांना मिळून एकच द्रवमार्ग होता. कोठेही एक नळी फुटली, की चारही ब्रेक गेले! १९६७च्या मॉडेलपासून पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा झाला. एक गेला तरी दुसरा उरतो. जुना एकेरी सिलिंडर तसाच ठेवून नुसत्या डिस्क बसवणारा संच कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नये. शिवाय ड्रमसाठीच्या जुन्या सिलिंडरमध्ये नळ्यांत थोडा दाब कायम राखणारी एक झडप असते. शूला मागे ओढायला स्प्रिंग असतात, पॅडला नसतात. ती झडप डिस्कच्या मार्गात राहिली, तर पॅड सतत घासत राहतात आणि तापतात.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांच्या दाबाची झडप. थांबताना मागचा भार कमी होतो, हे आपण पाहिले. तेथे दाब जास्त गेला, तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकते. हा दाब कमी करणारी झडप संचात हवीच आणि ती बसवल्यावर मोकळ्या जागेत जाणकाराकडून तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट पॅड, रबरी होज आणि ऑइल सील यांची. यांची किंमत संचाच्या मानाने थोडी असते. विश्वास मात्र सगळा यांवरच असतो.

खोक्यावर न लिहिलेला खर्च

मस्टँगच्या सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार बोल्टची असत, तर आठ सिलिंडरच्या गाडीची पाच बोल्टची. पाच बोल्टचा स्वस्त संच चार बोल्टच्या गाडीसाठी आणला, तर नवी चाके घ्यावी लागतील. कॅलिपर चाकाच्या आत मावतो का, हेही पाहिले पाहिजे. १३ इंची चाकात पुष्कळ कॅलिपर मावत नाहीत. काही संचांमुळे चाक थोडे बाहेर सरकते आणि टायर मडगार्डला घासतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून चाकात बसवून पाहणे शहाणपणाचे.

मूळ भागांना न कापता, वेल्डिंग न करता, बोल्टने बसणारा संच शक्यतो घ्यावा. त्यातील डिस्क, कॅलिपर आणि पॅड एखाद्या मोठ्या संख्येने बनलेल्या गाडीचेच असतील, तर उत्तम. दहा वर्षांनी पॅड झिजले, तरी ते कोठेही मिळतील. अमेरिकेतील काही हौशी लोक १९७५ नंतरच्या फोर्ड ग्रॅनाडा गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक भंगारातून आणून जुन्या मस्टँगला बसवतात, त्यामागे हाच विचार आहे. मात्र भंगारातील डिस्कची जाडी मोजल्याशिवाय ती घेऊ नये. झिजलेली डिस्क म्हणजे लहान तिजोरी.

काही सूचना कामाच्या वेळच्या. जुन्या लायनिंगमध्ये पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असल्याने ड्रम उघडल्यावर ती फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. आपण ज्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो, ते नेहमीचे खनिज तेल नव्हे. इंजिन ऑइल टाकले, तर रबरी सील फुगून निकामी होतात. हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ३ प्रकारचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पोचवत नाही आणि पेडल पोकळ लागते. नळ्यांतली हवा पूर्ण काढणे आवश्यक, तेही याचसाठी.

भारतात गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ने बंधने घातली आहेत. म्हणून आपल्याकडे असे काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

करून पाहा

सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि दुसरी २० मिलिलिटरची. सलाइनच्या नळीच्या तुकड्याने त्या जोडा आणि हवा न राहू देता पाणी भरा. लहान सिरिंज तुम्ही दाबा आणि मोठी मित्राला अडवायला सांगा. कोण जिंकते? कोणाचा दट्ट्या किती सरकला, ते पट्टीने मोजा. मग मुद्दाम थोडी हवा आत सोडून तोच प्रयोग पुन्हा करा. पेडल "पोकळ" का लागते, हे तुमच्या अंगठ्यालाच कळेल.

आणि सायकलकडेही नीट पाहा. रबरी ठोकळे चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, ती रिम म्हणजे एक भली मोठी डिस्कच नाही का? पुढच्या व मागच्या ब्रेकपैकी कोणत्याचे ठोकळे लवकर झिजतात, याची वर्गात नोंद ठेवा. नियम सायकलला आणि मस्टँगला एकच आहे. मोटार केवळ चालते म्हणून चांगली ठरत नाही, ती थांबली पाहिजे. आणि पुढे रस्ता ओलांडणारे कोणी असेल, तेव्हा तर पहिल्याच प्रयत्नात थांबली पाहिजे.